किल्ली हातात ठेव

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर माझं टेबल.
खाली लाद्या फोडणाऱ्या यंत्राचा खडखडाट,
वर माझी सी, आणि सीच्या पोटात लुआ.
पोर्तुगीजांच्या भाषेत लुआ म्हणजे चंद्र.
बरंच झालं. भरती-ओहोटी सांगणाऱ्या डब्याला
पोटात चंद्र हवाच.

डबा होडीच्या केबिनमध्ये बसतो.
तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो,
जी प्रत्येक नाखव्याला आधीच पाठ असते.
आणि कुठल्या नंबरच्या होडीला काय लागलं,
किती बांगडा, किती म्हाकूल,
ते एका तक्त्यात ठेवतो.
तक्ता लुआचा. वाचायचा सीमधून.
एवढंच काम. तीन रात्री गेल्या.

रीत अशी:
आधी चळतीवर ‘काहीच नाही’ ठेवायचं. नील.
रिकामी टोपली मांडल्यासारखं.
मग म्हणायचं, पुढचं.
टोपली जाते, तिच्या जागी येते एक किल्ली,
किल्लीवर एक किंमत.
किंमत वाचायची, उचलून टाकायची.
किल्ली राहू द्यायची,
कारण पुढचं दार कुठलं
हे फक्त मागच्या किल्लीला माहीत असतं.
पुन्हा म्हणायचं, पुढचं.
दारं संपली की काही येत नाही,
शेवटची किल्लीही हातातून जाते.

पहिल्या रात्री किंमत उचलायची विसरले.
त्यानं किमतीलाच किल्ली समजून घेतलं
आणि दोनशे किलो बांगडा घेऊन
कुलूप शोधत बसला.

दुसऱ्या रात्री वाटलं, किल्ली तरी छापून बघू.
अक्षरं म्हणून वाचली,
तर सतरा या आकड्याचा, माझ्या हातातल्या हातात,
‘सतरा’ असा शब्द झाला.
सतरा नंबरची होडी होती.
‘सतरा’ नावाची कुठलीच नव्हती.
डबा तिथंच आडवा.

पदमा पावसे लिलावाची वही लिहिते,
सकाळी चहा घेऊन वर येते, पडद्यात डोकावते.
“काल चोगल्यांची पहिली आली, आज मधेच कुठं?”
म्हटलं, क्रमाची हमी नाही, ताई.
“मंग दर्यासारखंच की.
लागतील तशा लागतील.
एकबी सुटली नाय म्हंजे झालं.”

अजून एक नियम आहे, तो तिला सांगितला नाही:
फिरता फिरता असलेलं पुसता येतं,
नवं लिहिता येत नाही.

तिसऱ्या रात्री नऊ नंबरपाशी आले.
दर्याभवानी. तांडेल हरी चोगले आणि चौघं.
वैशाखात गेली.
नऊच्या पुढं नील लिहिलं असतं तर काम सोपं होतं:
फिरणारा त्या दाराशी थांबत नाही,
तिथं दार होतं याचीही खूण उरत नाही.
बोट बटणावर होतं.

मग पदमाताईची वही आठवली.
रोज नव्या पानावर ती दर्याभवानी लिहिते,
पुढचा रकाना कोरा ठेवते,
खालच्या ओळीला लागते.
का, असं कुणी विचारत नाही.

नील नाही, फॉल्स लिहिलं.
‘काहीच नाही’ असं नाही.
‘नाही’, असं.
किल्ली जागेवर राहते,
फिरणारा येतो, दार ढकलतो,
आत कोणी नाही हे बघतो,
आणि त्याच किल्लीनं पुढं जातो.

पहाटे लूप पुरा झाला,
चळत जिथं होती तिथं.
खाली बर्फ फुटू लागला, किनाऱ्यावर बैलगाड्या.
बंदरात एकतीस होड्या.
तक्त्यात बत्तीस.
कोणी चूक म्हणून दुरुस्त करू नये,
एवढी एक ओळ कोडमध्ये मराठीत लिहून ठेवली आहे.